वरची कडी

"असा येत नाही तो, मॅडम."

चेतना हे इतक्या हळू म्हणाली की पहिल्यांदा ते फक्त मला ऐकू आलं. मी हॉलच्या कडेला निवेदनाचे कागद घेऊन बसले होते. मग ती तेच पुन्हा म्हणाली आणि फेगडे मॅडमनी गाणं बंद केलं.

"कोण येत नाही?"

"तो. माणूस."

"अगं, राक्षस आहे तो! तीन उड्या मारत यायचं, कोट असा फुलला पाहिजे, आणि दात विचकायचे. तू काय हसत येतेस पाव्हण्यासारखी? चहा टाकू का?"

मुली खिदळल्या. चेतना खाली बघत परत कोपऱ्यात गेली.

दोन हजार चौदाचा जानेवारी. रावेरच्या एका कन्याशाळेत मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवत होते. फेगडे मॅडम पर्यवेक्षिका, आणि सगळं सांस्कृतिक त्यांच्याकडे. त्यांनी बसवलेला 'कळी' हा नाच आदल्या वर्षी गॅदरिंगला झाला होता. फुलांच्या बागेत एक कळी खेळत असते, काळा कोट आणि जाड मिशी लावलेला माणूस झेप घालतो, ढोल वाजतात, कळी कोमेजते. बायका पदराने डोळे पुसत घरी गेल्या होत्या. या वर्षी तोच नाच जळगावला जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी निवडला गेला. कोट घालणारी मुलगी दहावी होऊन गेली होती, म्हणून उंची बघून आठवीतल्या चेतना सरोदेला घेतलं. माझे उच्चार स्पष्ट म्हणून निवेदन माझ्याकडे आलं. नाचातलं मला काही कळत नव्हतं आणि फेगडे मॅडमना ते सोयीचं होतं.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. "नेहेते बाई, वाचा."

मी वाचलं. "आणि एके दिवशी बागेत शिरला एक अनोळखी माणूस."

चेतना आली. उड्या नाहीत. हॉलच्या उंबऱ्याशी थांबून तिने चपला काढल्या, दोन हातांत दोन धरून तळाला तळ दोनदा आपटला, धूळ झाडली. मग चपला टोकं दाराकडे करून नीट मांडल्या. तळव्याने केस बसवले. हवेत, चौकट असते तेवढ्या उंचीवर, दोनदा टकटक केली. शर्टाच्या खिशातून काहीतरी चिमूटभर काढलं आणि कळी झालेल्या मुलीच्या हातावर ठेवलं.

"बंद करा!" फेगडे मॅडम ओरडल्या. "ही काय चेष्टा चाललीय? तुला काढून टाकू का?"

"नाही मॅडम."

"मग शिकवलंय ते कर."

तिने शिकवलेलं केलं. वाईट केलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या खेपेला ती पुन्हा चपला झाडत आली. तिसऱ्या दिवशीही. रोज ओरडा खाऊन मग उड्या मारायची. फेगडे मॅडमना तो हट्ट वाटत होता. मला सवय अशी, की एकच गोष्ट तीनदा दिसली की टिपून ठेवायची. निवेदनाच्या कागदामागे मी पेन्सिलीने लिहिलं: चपला दोनदा. टोकं दाराकडे. केस. चौकट दोनदा. खिसा.

खिशाशी माझी पेन्सिल थांबली. चेतना माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. उजव्या हाताने लिहायची, उजव्या हाताने परीक्षानळी धरायची. इथे मात्र ती छातीवरच्या डाव्या खिशात डावाच हात घालत होती, मनगट मुरडून, अवघड करून. आणि तिन्ही दिवस तसंच. मनाने रचलेली हालचाल रोज थोडी बदलते. ही तसूभर बदलत नव्हती. ती काही रचत नव्हती. पाहिलेलं करत होती, आणि तो माणूस डावखुरा होता.

मधल्या सुट्टीत मी तिला नळ्या धुवायच्या निमित्ताने प्रयोगशाळेत बोलावलं.

"चेतना, तू हे कुणाचं करतेस?"

तिने एक नळी धुतली, उजेडात धरून पाहिली, पुन्हा धुतली. "बाई, पालकांना जळगावला न्यायला बस आहे ना?"

"आहे."

"माझ्या आईला तुम्ही सांगाल यायला? मी सांगितलं तर शिवण आहे म्हणते."

"सांगीन. पण मी काय विचारलं?"

"तुम्ही अनोळखी का वाचता, बाई?"

"लिहिलंय म्हणून."

"कुणी लिहिलं?"

"फेगडे मॅडमनी."

"त्यांना काय माहीत?" ती म्हणाली. तोवर घंटा झाली होती.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर घरी गेले. केळीच्या खोक्यांच्या शेडमागे दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, आतल्या खोलीला वेगळं दार. वडील चार वर्षांपूर्वी गेलेले. आई कुंदाताई ब्लाऊज शिवायच्या, बोलता बोलता सुईत दोरा ओवायच्या आणि बोलणं थांबायचं नाही.

"बसा ना व बाई. चेतना, खुर्ची दे. ही नाचात कोण झाली म्हणे, तो मेला राक्षस? मी म्हटलं, माझ्या पोरीलाच बरं दिलं ते काम! मागच्या वर्षी पाहिला ना मी. काटा आला अंगावर. ते डोळे, ती मिशी! मी शेजारणीला म्हटलं, असली माणसं दुरून ओळखू येतात. पोरींनी काय भ्यायचं, डोळे उघडे ठेवायचे."

"तुम्ही सोमवारी जळगावला या. बस आहे."

"तीन ब्लाऊज द्यायचे आहेत सोमवारी."

मी काही बोलणार तेवढ्यात बाहेर आवाज झाला. तळावर तळ. एकदा, दोनदा.

चेतना उठून चुलीकडे गेली.

दारात चाळिशीचा, गोरटेला, हसतमुख माणूस उभा होता. त्याने चपला टोकं बाहेर करून ठेवल्या, केसांवरून तळवा फिरवला, चौकटीवर दोनदा टकटक केली. "ताई, पाणी दे गं. अरे, बाई आल्या का? नमस्कार, नमस्कार."

"माझा भाऊ, सुधाकर," कुंदाताई म्हणाल्या. "हे गेल्यापासून याचाच आधार. रोज एक चक्कर असतेच. मी शिवण द्यायला गेले तरी पोरीजवळ हा असतो, म्हणून जीव निवांत."

"कशाचं काय, ताई उगाच वाढवून सांगते." त्याने डावा हात मुरडून खिशात घातला आणि माझ्यासमोर मूठ उघडली. "घ्या, बडीशेप. घरची भाजलेली."

मी घेतली. का घेतली ते अजून कळत नाही. हात आपोआप पुढे झाला. ती मुठीत तशीच राहिली, घरी जाईपर्यंत.

"त्या नाचाचं चाललंय," कुंदाताई म्हणाल्या. "तो राक्षसाचा."

"चांगलं काम करता बाई तुम्ही," तो म्हणाला. "भर चौकात फाशी द्यायला पाहिजे असल्यांना."

मी शिकवताना जो आवाज लावते तोच लावला. "कुंदाताई, सराव कमी पडतोय. चेतना सोमवारपर्यंत माझ्याकडे राहील. माझी सासू आहे घरी, काळजी नाही. आणि सोमवारी तुम्हाला यावंच लागेल, पालकांची सही लागते."

सही लागत नव्हती. खोटं बोलायची मला सवय नाही, पण ते सहज आलं.

"दोन दिवस?" तो हसला. "तरणी होत आलेली पोर, परक्याच्या घरी ठेवायची का, ताई?"

कुंदाताईंनी दोरा दाताने तोडला. "बाई परक्या कशा? जा गं, कपडे भर."

रस्त्यावर केळीचे ट्रॅक्टर होते. ते जाईपर्यंत आम्ही थांबलो आणि चेतनाने तिथेच, ट्रॅक्टरकडे बघत सांगितलं. फार नाही. तीन-चार वाक्यं. ती वाक्यं मी पुढे पोलिसांत जशीच्या तशी सांगितली. इथे लिहिणार नाही.

"आईला सांगितलंस?"

"दिवाळीत."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, गॅदरिंगला पाहिलं ना असला माणूस कसा असतो ते? मामा तसा आहे का? आणि म्हणाली, नाच पाहून पाहून तुझ्या डोक्यात शिरलंय." ट्रॅक्टर गेला. "म्हणून मी मॅडमना म्हटलं, मी राक्षस होते. उंच होतेच मी."

मी म्हटलं, आत्ता ठाण्यात जाऊ. ती रस्त्यातच थांबली.

"आधी आईला बघू द्या, बाई. नाहीतर ती तिथे पण तेच म्हणेल."

मी ऐकलं. दोन दिवस ती माझ्या घरात होती, माझ्या सासूजवळ झोपली, हे खरं. तरी ते दोन दिवस मी थांबले हेही खरं. नंतर कोर्टात सुधाकरच्या वकिलाने मला त्यावरून बरंच विचारलं आणि त्याचं चुकत नव्हतं.

रविवारी सरावाआधी मी फेगडे मॅडमना स्टाफरूममध्ये गाठलं.

"एक शब्द बदलायचा आहे. अनोळखीच्या जागी ओळखीचा."

"का?"

"बहुतेक वेळा तो ओळखीचाच असतो. आणि चेतना जसा करते तसा त्याला येऊ द्या."

"कुणी काही सांगितलंय तुम्हाला?"

"नाव मी सांगणार नाही."

"मग बोलूही नका. पुराव्याशिवाय विज्ञानवाले बोलत नाहीत ना?" त्यांनी फुलांच्या टोप्या मोजायच्या थांबवल्या. "नेहेते बाई, पुढच्या रांगांत घरोघरच्या बायका बसतात. त्यांनी घरी जाऊन दिराकडे, भावाकडे संशयाने बघायचं का? लोकांना कळायला राक्षस लागतो. मी वीस वर्षं नाच बसवते. तुमच्यासारखं खरं खरं दाखवलं तर कुणाला समजणारसुद्धा नाही कोण वाईट आहे ते."

"तेच तर."

"काय तेच तर? तुम्ही तुमच्या बेडकांकडे बघा. कोट आणि मिशी ठरलेली आहे. कोट नाही तर नाच नाही."

त्या वाईट नव्हत्या. मुलींचे पाय सुजले तर स्वतः तेल लावायच्या. पण त्यांचा तो राक्षस त्यांना फार आवडायचा.

सोमवारी दुपारी जळगावच्या नाट्यगृहात आमचा क्रमांक सातवा होता. सहावा नाच चालू असताना मेकअपच्या खोलीत आरडाओरडा झाला.

"कोट कुठे आहे? बसमधून मी स्वतः उतरवला! मिशी कुठे आहे?"

मुली बाकांखाली शोधत होत्या. चेतना पांढऱ्या शर्टात आणि करड्या पॅन्टमध्ये भिंतीला टेकून उभी होती, पायांत माझ्या नवऱ्याच्या जुन्या चपला.

"नेहेते बाई, तुम्ही पाहिला?"

"नाही," मी म्हटलं. कोट माझ्या पिशवीत होता. वर जीवशास्त्राचं पुस्तक ठेवलं होतं.

फेगडे मॅडम माझ्याकडे आणि पिशवीकडे बघत राहिल्या. "तुम्हाला हे महागात पडेल," त्या म्हणाल्या. पण आमच्या शाळेचं नाव पुकारलं होतं.

मी विंगेत ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिले. तिथून पहिल्या सात-आठ रांगा दिसतात. सहाव्या रांगेत कुंदाताई, केसांत गजरा, शेजारणीशी बोलत. फुलं नाचली. कळी नाचली. मी कागदाकडे न बघता म्हटलं.

"आणि एके दिवशी बागेत आला एक ओळखीचा माणूस."

मागून फेगडे मॅडमनी माझा दंड धरला. त्यांची नखं रुतली. पण चेतना निघाली होती.

ढोल वाजत होते आणि ती चालत आली. रंगमंचाच्या कडेला थांबली. चपला काढल्या, तळावर तळ, एकदा, दोनदा. सभागृहात कुजबूज झाली. टोकं बाहेर करून चपला मांडल्या. केसांवरून तळवा.

सहाव्या रांगेतून मोठ्याने हसू आलं.

"व माय!" कुंदाताईंचा आवाज सगळ्या सभागृहाने ऐकला. त्या शेजारणीला कोपराने ढोसत होत्या. "हुबेहूब आमचा सुधाकर!"

लोकही हसले. कुणाची तरी नक्कल चाललीय एवढं त्यांना कळलं. चेतनाने चौकटीवर टकटक केली. खिशात डावा हात मुरडून घातला, कळीच्या हातावर बडीशेप ठेवली. कुंदाताई तोंडावर पदर धरून हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मग चेतनाने कळीच्या पाठीवर हात ठेवून तिला मागच्या बाजूला नेलं. वळली. न दिसणारं दार ओढून घेतलं. टाचा उचलून, हात उंच नेऊन, अगदी सावकाश वरची कडी लावली. कळीकडे बघितलं. ओठांवर बोट ठेवलं. आणि हसली, पाव्हण्यासारखी.

एवढंच. त्यापुढे तिने काही केलं नाही. पाठमोरी उभी राहिली आणि गाणं संपेपर्यंत तशीच उभी होती.

कुंदाताईंचं हसू कडीशी थांबलं. पदर तोंडावर तसाच होता. मग त्या उठल्या, लोकांच्या पायांवरून, गुडघ्यांवरून वाट काढत निघाल्या.

कुंदाताई मेकअपच्या खोलीत आल्या तेव्हा मी कोट पिशवीतून काढून बाकावर ठेवत होते. त्यांनी चेतनाकडे पाहिलंच नाही. माझ्या अंगावर आल्या.

"तुम्ही शिकवलं हे तिला? माझ्या घरी येऊन, माझ्या भावाची बडीशेप खाऊन, हे शिकवलं? याच्यासाठी नेली होती पोर?"

"बघा," फेगडे मॅडम म्हणाल्या. "मी सांगत होते."

"मी काही शिकवलं नाही," मी म्हटलं.

"खोटं बोलू नका! तुमच्यासारख्या शिकलेल्या बायकांना दुसऱ्याची घरं मोडायला काय जातं? मोठी बाई झाली! मी तुमची शाळेत तक्रार करीन, हातात नारळ द्यायला लावीन तुमच्या..." त्यांना श्वास पुरेना. मग त्या अचानक चेतनाकडे वळल्या. आवाज उतरला. "वरची का लावली?"

चेतनाने शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढली.

"आपल्या दाराला खालची कडी आहे ना हाताशी. वरची आपण कधी लावत नाही. वरची का लावली तू?"

"खालची वाजते," चेतना म्हणाली.

बाहेर आठव्या नाचाचं गाणं सुरू झालं होतं. कुंदाताई उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या, फरशीवर, फुलांच्या टोप्यांमध्ये. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला. चेतना गेली नाही. त्यांनी हात तसाच धरून ठेवला. खूप वेळ. मग ती गेली.

त्या संध्याकाळी आम्ही तिघी बसने न जाता वेगळ्या रिक्षाने ठाण्यात गेलो. माझ्याशी कुंदाताई वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. पुढेही दोन-तीन महिने बोलल्या नाहीत. खटला चार वर्षं चालला. सुधाकरला शिक्षा झाली. गावातले निम्मे लोक अजून म्हणतात की एका नाचावरून भला माणूस आत गेला.

मला शाळेने नोटीस दिली. कारण लिहिलं होतं: शाळेच्या मालकीचा काळा कोट व मिशी हेतुपुरस्सर लपवून ठेवणे. बाकी कशाचा उल्लेख नव्हता. त्याच आठवड्यात फेगडे मॅडमनी परीक्षकांचा अभिप्राय माझ्या टेबलावर टाकला. "वाचा तुमच्या सत्याची किंमत," त्या म्हणाल्या. समूहाचा ताल उत्तम, फुलांची वेशभूषा उत्तम. खाली लाल शाईत एक ओळ होती: 'खलनायक खलनायक वाटत नाही. प्रेक्षकांना ओळखू येत नाही.'

पुढच्या वर्षी गॅदरिंगला 'कळी' पुन्हा झाला. कोट नवा होता, मिशी जास्त जाड, डोळ्यांभोवती लाल रंग. निवेदन मराठीच्या बाईंकडे होतं. मी मागे, पाण्याच्या पिंपाजवळ उभी होते. चेतना नववीत होती, तिने नाचात भाग घेतला नव्हता. ती आईशेजारी बसली होती.

"आणि एके दिवशी बागेत शिरला एक अनोळखी माणूस."

ढोल वाजले. राक्षसाने पहिली उडी मारली, दुसरी मारली, कोट फुलला. बायकांनी लेकरांना जवळ ओढलं. मांडवात सगळ्यांच्या अंगावर काटा आला असणार.

मधल्या रांगेत कुंदाताई उठल्या.

"ओ मॅडम!" त्या म्हणाल्या. ढोलांतूनही ऐकू येईल इतक्या मोठ्याने. "असा येत नाही तो!"

"खाली बसा हो ताई," मागून कुणीतरी ओरडलं. "दिसत नाही आम्हाला."

त्या बसल्या नाहीत.